पतंगी कागदातले फुलपाखरू : एरिक कार्ल यांची चित्रे कशी पाहावीत?

प्रतिनिधी

शहरातल्या कोणत्याही मोठ्या पुस्तकांच्या दुकानात बालविभागापाशी थोडा वेळ उभे राहिले, तर एक प्रसंग हमखास पाहावयास मिळतो. तीन-चार वर्षांचे एखादे मूल जाड पुठ्ठ्याच्या पानांचे पुस्तक घेऊन खाली बसकण मारते. पानाला पाडलेल्या भोकात बोट घालते, पान उलटते, पलीकडून आपलेच बोट बाहेर आलेले पाहून खुदकन हसते. एवढ्यात आई किंवा बाबा पुस्तक हातात घेतात, मागची किंमत पाहतात, पाने चाळतात आणि ते पुन्हा मांडणीवर ठेवून देतात. 'पानावर एक ओळ, आणि त्यासाठी एवढे पैसे? यात वाचायला आहेच काय?' हा त्यांचा सवाल असतो. मुलाची समजूत 'अक्षर ओळख' किंवा 'शंभर कोडी' अशा एखाद्या उपयुक्त पुस्तकावर काढली जाते.

भोके पाडलेले हे पुस्तक बहुधा 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' हे असते. अमेरिकी चित्रकार एरिक कार्ल यांचे हे पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झाले. मूळ इंग्रजी मजकूर अवघा २२४ शब्दांचा. मात्र साठाहून अधिक भाषांत त्याची भाषांतरे झाली आहेत आणि पाच कोटींहून अधिक प्रती जगभर खपल्या आहेत. एका भुकेल्या अळीची ही गोष्ट दोन मिनिटांत सांगून संपते. मुले मात्र ती पुन:पुन्हा मागतात. त्याचे कारण शब्दांत शोधून सापडत नाही. ते चित्रांत आहे. पालकांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, या पुस्तकात वाचायला पुष्कळ आहे, फक्त ते अक्षरांत नाही. मोठी माणसे चित्र 'पाहून' पुढे जातात, मुले ते वाचत बसतात. कार्ल यांची चित्रे कशी घडली आणि ती कशी वाचावीत, हे समजून घेतले तर मूल त्या पानाशी इतका वेळ का रेंगाळते, याचाही उलगडा होतो.

रंग हरवलेले बालपण

कार्ल यांच्या रंगांची मुळे त्यांच्या बालपणात आहेत. २५ जून १९२९ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज या शहरात त्यांचा जन्म झाला. आई-वडील जर्मनीहून तेथे गेलेले. तिथल्या बालवाडीची कार्ल यांनी आयुष्यभर जपलेली आठवण म्हणजे मोठाले कागद, जाड कुंचले, भडक रंग आणि वर्गात येणारे भरपूर ऊन. मुलाच्या हातात चित्रकला आहे, ती जपा, असे शिक्षिकेने आईला मुद्दाम बोलावून सांगितले होते.

१९३५ मध्ये कुटुंब जर्मनीत स्टुटगार्टला परतले आणि सहा वर्षांच्या एरिकचे जग पालटले. तिथल्या कडक शिस्तीच्या शाळेत त्याने छडीचा मार खाल्ला. शाळेची गोडी संपली. घरी मात्र वडील होते. ते मुलाला रानावनांत फिरायला नेत, दगड उचलून त्याखालचे किडे दाखवीत, झाडाची साल अलगद बाजूला करून आतला जीव दाखवीत आणि पाहून झाल्यावर त्याला पुन्हा त्याच्या जागी ठेवीत. पुढे कार्ल यांच्या पुस्तकांत अळी, कोळी, रातकिडा, काजवा, ठिपक्यांचा किडा अशी जी लहानग्या जिवांची मांदियाळी दिसते, ती या भटकंतीची देणगी होय.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि वडिलांना सैन्यात जावे लागले. पुढे ते सोव्हिएत रशियाच्या कैदेत सापडले. १९४७ च्या अखेरीस ते घरी परतले तेव्हा त्यांचे वजन ८५ पौंड, म्हणजे चाळीस किलोंहूनही कमी भरले. दरम्यान मुलगाही युद्धातून सुटला नव्हता. पंधराव्या वर्षी त्याला सीमेवर खंदक खणायला नेण्यात आले होते. हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी शहरातल्या इमारती करड्या, मातकट, काळपट हिरव्या रंगांनी रंगविलेल्या असत. आपल्या पुस्तकांतला रंगांचा जल्लोष हा त्या करड्या वर्षांना दिलेला जबाब असल्याचे कार्ल पुढे सांगत असत.

निळ्या घोड्याची गोष्ट

याच काळात घडलेली एक घटना त्यांच्या शैलीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरली. नाझी राजवटीने आधुनिक चित्रकलेला 'भ्रष्ट' ठरविले होते. १९३७ मध्ये म्युनिकला अशा चित्रांचे प्रदर्शन भरविण्यात आले ते त्यांची टवाळी करण्यासाठीच. शाळांत फक्त हुबेहूब चित्रणाला मान होता. क्राऊस नावाच्या चित्रकला शिक्षकांनी एके दिवशी एरिकला आपल्या घरी बोलावले आणि लपवून ठेवलेल्या चित्रांच्या प्रतिकृती त्याच्यासमोर मांडल्या. त्यांत पिकासो होता, मातिस होता, पॉल क्ले होता आणि फ्रान्झ मार्क या जर्मन चित्रकाराचे रंगीबेरंगी प्राणीही होते. पकडले गेले असते तर शिक्षकांची नोकरीच काय, स्वातंत्र्यही धोक्यात आले असते. या चित्रांबद्दल बाहेर बोलू नकोस, पण त्यांतला मोकळेपणा विसरू नकोस, असा त्या भेटीचा मथितार्थ होता.

मुलगा तो विसरला नाही. १९६७ मध्ये कार्ल यांनी सजविलेले पहिले गाजलेले पुस्तक निघाले. बिल मार्टिन (ज्युनियर) यांच्या शब्दांवरचे ते पुस्तक म्हणजे 'ब्राऊन बेअर, ब्राऊन बेअर, व्हॉट डू यू सी?' त्यात तपकिरी अस्वल आहे, लाल पक्षी आहे, पिवळे बदक आहे आणि त्यांच्या रांगेत एक निळा घोडा व एक जांभळी मांजर अगदी निवांत उभी आहे. घोडा निळा का, याचे स्पष्टीकरण पुस्तकात कुठेच नाही. मूल ते मागतही नाही. पुढे २०११ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, कार्ल यांनी निळा घोडा रंगविणाऱ्या चित्रकारावर एक स्वतंत्र पुस्तकच केले आणि फ्रान्झ मार्क यांचे ऋण उघडपणे मान्य केले. पहिल्या महायुद्धात १९१६ साली मारल्या गेलेल्या एका चित्रकाराचा निळा घोडा, एका भ्यालेल्या शिक्षकाच्या पेटीतून निघून, अशा रीतीने जगभरच्या बालवाड्यांत पोहोचला. 'पान हिरवेच रंगव, आकाश निळेच रंगव' असे मुलांना सतत बजावणाऱ्या आपल्या घरांना व शाळांना हा घोडा काही सांगू पाहतो आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे.

चित्र घडते कसे?

कार्ल यांचे तंत्र आपल्याकडच्या शाळकरी मुलांना परिचित असलेले चिकटकामाचे, म्हणजेच कोलाजचे आहे. फरक आहे तो कागदाचा. आपण बाजारातून घोटीव कागद आणतो आणि कापतो. कार्ल आपला कागद स्वतः तयार करीत. सुरुवातीच्या काळात तेही बाजारात मिळणारा रंगीत टिश्यू कागद, म्हणजे आपल्या पतंगी कागदासारखा तलम कागद, वापरीत. पुढे ते पांढरा टिश्यू कागद घेऊन त्यावर स्वतः अॅक्रिलिक रंग चढवू लागले. कधी रुंद कुंचल्याचे फटकारे, कधी बोटांचे ठसे, कधी स्पंजचे, तर कधी सतरंजीच्या तुकड्याचे. एका रंगावर दुसरा, त्यावर तिसरा. या टप्प्यावर कशाचेच चित्र काढायचे नसते. नुसता कागद रंगवायचा असतो. असे शेकडो कागद रंगांनुसार वेगवेगळ्या खणांत रचून ठेवलेले असत.

मग चित्राची वेळ आली की आकृतीचा आराखडा पारदर्शक कागदावर उतरवायचा, तो रंगविलेल्या कागदावर ठेवून धारदार पात्याने आकार कापायचा आणि भिंतीचे कागद डकविण्यासाठी वापरली जाणारी खळ लावून तो पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवायचा. बारीक लव, मिशा, डोळ्यांतली चमक असे तपशील शेवटी रंगीत खडूने. इतकी ही साधी रीत आहे. पण तिच्यातच या शैलीचे सारे मर्म दडलेले आहे.

हाताने रंगविलेला कागद कधीच एकसारखा नसतो. त्यात कुंचल्याच्या रेघा असतात, रंग कुठे दाट तर कुठे विरळ असतो, खालचा पिवळा वरच्या हिरव्यातून डोकावत असतो. हा पोत अगदी मोकळा, जवळजवळ बेशिस्त असतो. याउलट पात्याने कापलेली कड मात्र स्वच्छ आणि निश्चित असते. आत स्वैर रंग आणि बाहेर काटेकोर आकार, या दोहोंचा मेळ म्हणजे कार्ल यांचे चित्र. सफरचंदाचा आकार इतका सोपा की दोन वर्षांचे मूलही ते ओळखते. आणि त्याच्या सालीवरचा लाल रंग इतका भरलेला की मोठ्या माणसालाही त्यात पाहण्याजोगे सापडत राहते.

भुकेल्या अळीकडेच पाहा. लाल डोके, पिवळे डोळे आणि एकमेकांवर किंचित चढविलेल्या हिरव्या तुकड्यांचे शरीर. प्रत्येक तुकड्याचा हिरवा वेगळा आहे. कागद तलम असल्यामुळे जिथे दोन तुकडे एकमेकांवर येतात तिथे आपोआप एक गडद पट्टा उमटतो आणि अळीच्या अंगाला वळ्या पडल्याचा भास होतो. छाया-प्रकाश दाखविण्यासाठी चित्रकाराने वेगळे काहीच केलेले नाही. ते काम कागदानेच केले आहे.

मोकळ्या जागेचा उपयोग

कार्ल यांच्या पानावर दुसरी लक्षात येणारी गोष्ट म्हणजे पांढरी मोकळी जागा. बहुतेक चित्रांत पार्श्वभूमी नाही. जमिनीची रेघ नाही, भिंत नाही, खिडकी नाही. पांढऱ्या पानावर एकच नासपती, एकच बेडूक, एकच बदक. हा कंजूषपणा नव्हे. अनेक वर्षे त्यांनी जाहिरातींच्या क्षेत्रात काम केले होते. १९५२ मध्ये खिशात ४० डॉलर घेऊन ते न्यूयॉर्कला परतले. लिओ लिओनी या चित्रकाराच्या मदतीने त्यांना 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये ग्राफिक डिझायनरची नोकरी मिळाली. पुढे ते एका जाहिरात संस्थेचे कलादिग्दर्शक झाले. एका औषधाच्या जाहिरातीसाठी त्यांनी केलेला लाल शेवंड बिल मार्टिन यांच्या नजरेस पडला आणि त्यातूनच 'ब्राऊन बेअर'चे काम त्यांच्याकडे आले. वाटसरूची नजर क्षणभर थांबवायची तर पानावर एकच गोष्ट हवी, हा जाहिरातीचा धडा त्यांनी बालपुस्तकात आणला. फरक इतकाच की, जाहिरात नजरेला खेचून घेते आणि विकून मोकळी होते. येथे नजरेला थांबून राहण्याची मुभा आहे.

लिओनी यांचा उल्लेख आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. १९५९ मध्ये त्यांनी फाडलेल्या कागदांच्या निळ्या-पिवळ्या ठिपक्यांतून एक सबंध बालकथा रचून दाखविली होती. त्याआधी वृद्ध मातिस यांनी रंगविलेले कागद कात्रीने कापून चित्रे करण्याचा मार्ग खुला केला होता. कार्ल या परंपरेचे वारसदार आहेत. त्यांनी तंत्र नव्याने शोधले नाही, ते मुलांच्या उंचीवर आणून ठेवले.

पुस्तक की खेळणे?

भुकेल्या अळीचा जन्मही एका अपघाती खेळातून झाला. कागदांच्या गठ्ठ्याला पंच यंत्राने भोक पाडताना कार्ल यांना पुस्तकातून आरपार जाणारा किडा सुचला. पहिल्या आराखड्यात तो 'विली' नावाचा पुस्तककिडा होता. किड्यावर मुलांचे प्रेम बसणे कठीण, असे संपादिका अॅन बेनेड्यूस यांना वाटले. त्यांनी अळीचे नाव काढताच कार्ल यांनी फुलपाखरू म्हणून तिचा शेवट पक्का केला. कमी-अधिक रुंदीची पाने आणि त्यांना पाडायची भोके हे काम अमेरिकी छापखान्यांना परवडणारे नव्हते. बेनेड्यूस यांनी जपानमध्ये मुद्रक शोधला आणि पहिली आवृत्ती तिकडे छापली गेली.

या पानांची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती, बुधवारी तीन आलुबुखार, गुरुवारी चार स्ट्रॉबेरी, शुक्रवारी पाच संत्री. फळे वाढतात तशी पानाची रुंदीही वाढत जाते. मोजणे, वारांचा क्रम आणि 'जास्त म्हणजे मोठे' ही कल्पना मुलाच्या हाताला कळते. कुणी शिकवावी लागत नाही. शनिवारी केकपासून कलिंगडापर्यंत दहा पदार्थांची ओळ लागते, पोटात दुखते आणि रविवारी एका हिरव्या पानावर सारे शांत होते. त्यानंतर येते ते दोन्ही पाने व्यापणारे फुलपाखरू. इतका वेळ पांढऱ्यावर एकेक वस्तू पाहिलेल्या डोळ्यांसमोर अचानक काठोकाठ रंग उसळतो. हा परिणाम साधण्यासाठीच आधीची पाने मोकळी ठेवली होती, हे तेव्हा उमगते.

पुढेही हा खेळ चालू राहिला. 'द ग्राऊची लेडीबग' (१९७७) मध्ये प्राणी मोठे होत जातात तशी पाने मोठी होतात. 'पापा, प्लीज गेट द मून फॉर मी' (१९८६) मध्ये शिडीसाठी आणि चंद्रासाठी पाने उलगडतात. 'द व्हेरी बिझी स्पायडर' (१९८४) मध्ये कोळ्याचे जाळे उठावाने छापलेले आहे. दृष्टिहीन मूलही बोट फिरवून ते वाढताना 'पाहू' शकते. 'द व्हेरी क्वाएट क्रिकेट' (१९९०) चे शेवटचे पान उघडताच रातकिडा किरकिरू लागतो.

दोष आणि त्यांचे उत्तर

सत्तरहून अधिक पुस्तके करणाऱ्या या चित्रकाराला टीकाकार नव्हते असे नाही. आवाज आणि दिव्यांची करामत चित्रापेक्षा वरचढ ठरते, सर्व पुस्तके एकाच साच्यातली वाटतात, प्राण्यांच्या चेहऱ्यांवर भाव नसतात, असे आक्षेप घेतले गेले. त्यांत तथ्य आहे. नंतरच्या काही पुस्तकांत पहिल्याचा ताजेपणा जाणवत नाही. चेहऱ्यांबाबत मात्र वेगळा विचार करता येईल. चित्रकाराने भाव पक्का न केल्यामुळे मूल आपला भाव त्यात घालू शकते. अळी आज हावरट असते, उद्या एकटी असते.

सर्वांत प्रसिद्ध आक्षेप विज्ञानाचा. पतंगाची अळी रेशमी धाग्यांचे आवरण विणते. फुलपाखराची अळी तसे करीत नाही, तिची शेवटची कात गळून आतून टणक आवरणाची अवस्था प्रकट होते. इंग्रजीत या दोहोंना निरनिराळे शब्द आहेत आणि कार्ल यांनी फुलपाखरासाठी पतंगाचा शब्द वापरला. मराठीत आपण दोन्हींना सर्रास 'कोश' म्हणतो, त्यामुळे मराठी वाचकाला ही चूक जाणवतही नाही. शिक्षकांनी ती जरूर सांगावी. कार्ल यांचे उत्तर हळवे होते : लहानपणी मी गप्प बसलो की वडील मला कोशातून बाहेर ये म्हणत, म्हणून तो शब्द राहिला.

या उत्तरात या पुस्तकाचा गाभाही येतो. घर सोडून शाळेत जाणे हा मुलाच्या आयुष्यातला फार मोठा धक्का असतो आणि आपली पुस्तके या दोहोंमधला पूल व्हावीत, अशी कार्ल यांची इच्छा होती. ज्याला सहाव्या वर्षी उन्हाच्या वर्गातून छडीच्या वर्गात जावे लागले, त्याने ती धरावी हे स्वाभाविक आहे. इवलीशी, एकटी अळीही मोठी होईल आणि तिला पंख फुटतील, एवढेच आश्वासन त्याला द्यायचे होते.

मुलासोबत पाहताना

कार्ल यांनी पत्नी बार्बरा यांच्यासमवेत २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील अॅमहर्स्ट येथे चित्रपुस्तकांच्या कलेला वाहिलेले संग्रहालय उभे केले. जपानमध्ये पाहिलेल्या अशाच संग्रहालयांवरून त्यांना ही कल्पना सुचली होती. बालपुस्तकातले चित्रही भिंतीवर टांगून निरखण्याच्या योग्यतेचे असते, हा त्यामागचा विचार. २३ मे २०२१ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी कार्ल यांचे निधन झाले.

संग्रहालयात जाणे आपल्याला शक्य नसले तरी घरी एक गोष्ट सहज करता येते. पुस्तक वाचून दाखवताना पुढची ओळ म्हणण्याची घाई करू नये. मुलाला विचारावे, या फळात किती लाल सापडतात? कुंचला कुठून कुठे फिरला असेल? इथे बोटाचा ठसा दिसतो का? मग एखाद्या रविवारी पतंगी कागद, रंग, जुना स्पंज आणि वाटीभर खळ घेऊन बसावे. आधी नुसते कागद रंगवू द्यावेत, कशाचे चित्र ते विचारू नये. वाळल्यावर कापू द्यावेत. मुलाने घोडा निळा केला तर तो दुरुस्त करण्याचा मोह आवरावा. त्या रंगासाठी एका शिक्षकाने एके काळी आपले सारे पणाला लावले होते.

आणि पुढच्या खेपेस दुकानात मूल त्या भोकात बोट घालून बसले, तर पुस्तक मांडणीवर परत ठेवण्यापूर्वी दोन मिनिटे शेजारी बसावे. वाचायला आहेच काय, या प्रश्नाचे उत्तर ते मूल पान उलटून दाखवत असते.